पडद्यावरचे अठ्ठावन्न

वीस मार्चला कारखान्यात एकही रिअ‍ॅक्टर चालू नसणार, असं प्रियदर्शिनीला सगळ्यांनी सांगितलं होतं. तिच्या कॉम्प्युटर विभागाच्या राजेंद्र सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं, उत्पादन विभागाने मेलवर कळवलं, आणि सकाळी फाटकावरच्या वॉचमननेसुद्धा हात हलवून म्हटलं, "आज कोण नाय मॅडम, सगळी तळ्यावर."

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. महाडात पाय ठेवायला जागा नव्हती. दासगावच्या बौद्धवाडीतून तिची आई नीलाबाई पांढरी साडी नेसून भल्या सकाळीच निघाली होती. अश्वजितदादा याच कारखान्यात रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर होता. आईला आणि रेश्मावहिनीला घेऊन जायचं म्हणून त्याने रजा टाकली होती. प्रियदर्शिनीने ठरवलं होतं की दुपारपर्यंत काम उरकायचं आणि त्यांना तळ्यावर गाठायचं.

काम सोपं होतं, पण तिला या कामाची कायम धास्ती वाटे. कारखान्यातल्या एकाही सर्व्हरला स्वतःची डिस्क नव्हती. पगार, माल, प्रयोगशाळा, कंट्रोल रूम, सगळ्यांचा डेटा सर्व्हर रूममधल्या एका काळ्या कपाटात, म्हणजे स्टोरेजमध्ये, राहायचा. त्या कपाटातला आपापला वाटा प्रत्येक सर्व्हर फायबरच्या केबलवरून वापरायचा. त्या वाट्याला लन म्हणतात. सर्व्हरला वाटतं डिस्क आपल्याच पोटात आहे. खरं तर ती चार हात लांब असते आणि मध्ये स्विच असतो. कुठल्या सर्व्हरला कुठला वाटा दिसू द्यायचा हे त्या स्विचमध्ये लिहून ठेवावं लागतं. त्याला झोनिंग म्हणतात. पुण्याच्या पहिल्या नोकरीत तिने एक चुकलेला झोन पाहिला होता. नव्या सर्व्हरला दुसऱ्याचा वाटा दिसला, त्याला ती कोरी डिस्क वाटली, आणि त्याने तिच्यावर लिहायला सुरुवात केली. कुठे धूर नाही, आवाज नाही. दिवे हिरवेच होते. डेटा मात्र गेला होता. तेव्हापासून हिरव्या दिव्यांवर तिचा विश्वास नव्हता.

म्हणूनच इथे स्विच दोन होते, ए आणि बी. प्रत्येक सर्व्हरची एक केबल एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. एक स्विच बंद पडला तर सर्व्हर न थांबता दुसऱ्या वाटेने जातो. आज तिला ए स्विचचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. सुरू करण्याआधी तिने सगळ्या सर्व्हरच्या वाटा तपासल्या. पगार, दोन. माल, दोन. कंट्रोल रूम, दोन. तिने ए स्विचला आज्ञा दिली. स्विचचे दिवे एकेक करून विझले आणि तो नवं सॉफ्टवेअर पोटात घ्यायला बसला. आता तो उठेपर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. मध्येच तोडला तर कायमचा जायचा.

त्याच वेळी आईचा फोन आला.

"कवा येतेस गो? हितं उन्हाचा नुसता कहर हाय."

"येतेय आई. दादाला सांग, मला कमानीपाशी घ्यायला ये म्हणून."

"दादा कुठं हाय? त्याला कंपनीतून फोन आला सकाळीच. अर्जंट माल काढायचाय म्हणं. मी रेश्मासंगं आले. तुला नाय बोलला?"

प्रियदर्शिनीने फोन कानाला तसाच धरून मान वळवली. समोरच्या पडद्यावर सर्व्हरची यादी होती. सगळे हिरवे, एक लाल. कंट्रोल रूम. त्याच्यापुढे लिहिलं होतं की एकही वाट उरलेली नाही.

"गो, ऐकतेस ना?"

"आई, मी नंतर करते," ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

एकही वाट नाही, हे शक्यच नव्हतं. दोन होत्या. तिने स्वतः पाहिल्या होत्या. ती उठली, रॅकच्या मागे गेली, आणि कंट्रोल रूमच्या सर्व्हरमधून निघणाऱ्या दोन केसरी केबलींवरून बोट फिरवत गेली. पहिली केबल ए स्विचमध्ये शिरत होती. दुसरीही ए स्विचमध्येच शिरत होती. कधीतरी कुणीतरी घाईत लावलेली. गावाबाहेर पडायला दोन पायवाटा असाव्यात आणि दोन्ही एकाच साकवावर याव्यात, तसं झालं होतं. अहवालाने वाटा मोजल्या होत्या, त्या जातात कुठे ते सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. आणि तो साकव तिने आत्ताच आपल्या हाताने काढून घेतला होता.

तिने इंटरकॉमवरून कंट्रोल रूम लावली. पटांगणापलीकडे, रिअ‍ॅक्टरच्या शेडला लागून ती खोली होती. रितेश नावाच्या शिफ्ट इंजिनिअरने फोन घेतला.

"रितेश, तुमचा सर्व्हर अडकलाय का?"

"नाही मॅडम, सगळं मस्त चाललंय. बॅच सकाळीच घेतली. अ‍ॅसिड सोडणं चालू आहे. तापमान अठ्ठावन्न, एकदम स्थिर."

"स्थिर म्हणजे किती स्थिर?"

"हलतच नाहीये," रितेश खुशीत म्हणाला. "इतकी सरळ रेघ मी कधी पाहिली नव्हती."

प्रियदर्शिनीच्या मानेवरून घामाचा थेंब पाठीत उतरला. सर्व्हर रूममध्ये एसी इतका होता की ती स्वेटर घालून बसायची.

"रितेश, नीट ऐक. सर्व्हरला डिस्क दिसत नाहीये. तो गोठलाय. तू बघतोयस तो जुना आकडा आहे."

"पण घड्याळ चालू आहे की कोपऱ्यातलं. सेकंद पळतायत."

"ते तुझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ आहे. आकडा सर्व्हरकडून येतो, आणि सर्व्हर मेलाय. अ‍ॅसिडचा पंप बंद कर. आत्ता."

पलीकडे माऊसचा आवाज आला. मग परत. मग परत परत.

"दाबतोय, पण पंप हिरवाच दाखवतोय. मॅडम, पंप बंदच होत नाही."

त्या रिअ‍ॅक्टरमध्ये काय शिजतं ते कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. अ‍ॅसिड थेंबाथेंबाने सोडायचं, कारण ते आत पडलं की माल आपोआप तापतो. बाहेरच्या कवचातून गार पाणी फिरवत राहायचं आणि साठीच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. साठीच्या पुढे गेला तर तो स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापत जातो, आणि एका हद्दीनंतर गार पाण्याला दाद देत नाही. गार पाण्याचा व्हॉल्व्ह त्या सर्व्हरच्या हुकमावर उघडमीट करायचा. तापमान चढलं की पंप बंद करणारी यंत्रणाही त्याच सर्व्हरच्या हिशेबावर होती. ती वेगळी असायला हवी होती. नव्हती.

"वर प्लॅटफॉर्मवर कोण आहे?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"अश्वजित."

रितेशने वॉकीटॉकी उचलली असावी. फोनमधून खरखर ऐकू यायला लागली. "अश्वजित, रिअ‍ॅक्टरच्या अंगावरचा डायल वाच. ताबडतोब वाच."

थोडा वेळ नुसती खरखर. मग दादाचा आवाज, धापा टाकत. तो जिना चढत होता. "थांब रे... वाफ हाय इथं... नव्वद. नव्वदच्या वर हाय. रितेश, काटा चालत चाललाय. दिसतोय चालताना."

यानंतर भोंगा वाजला. भिंतीतून, जमिनीतून, टेबलाच्या पायांतून तो आवाज आत आला. बिरवाडीत भाड्याने राहणाऱ्या कामगारांच्या बायका हा भोंगा ओळखतात. तो ऐकला की आधी पोरं घरात ओढतात आणि मग वारा कुठला आहे ते बघतात.

"खाली ये!" रितेश ओरडत होता. "अश्वजित, सगळे बाहेर पळतायत, तू खाली ये!"

"अ‍ॅसिडची लाइन हातानं बंद करतो. चाक हाय ना इथं."

"ते चाक जाम आहे! सोड ते!"

खरखर बंद पडली.

प्रियदर्शिनीला पळायचं होतं. पटांगण ओलांडून शेडमध्ये, जिना चढून वर, दादाच्या शर्टाला धरून खाली. पाय निघालेही होते दाराकडे. दारातच ती थांबली. तिथे जाऊन ती दादाला ओढू शकली असती, रिअ‍ॅक्टर थांबवू शकली नसती. पंपाचं बटण ज्या वाटेने पोचतं ती वाट या खोलीत तुटली होती. तिने इंटरकॉमचा स्पीकर चालू केला आणि ती परत रॅकमागे गेली.

तेवढ्यात राजेंद्र सर आत आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ए स्विच उठव आधी!"

"तो मध्ये उठत नाही सर. मी एक केबल काढून बीमध्ये लावते आणि झोन लिहिते."

"बीला हात लावू नकोस!" ते जवळजवळ किंचाळले. "आत्ता सगळा कारखाना बीवर उभा आहे. गॅसचे अलार्म बीवर आहेत, आगीच्या पाण्याचे पंप बीवर आहेत. घाईत झोन चुकलीस तर तेही आंधळे होतील. मग भोंगा वाजवायलाही कुणी उरणार नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. म्हणूनच ती जास्त घाबरली. पुण्यातले ते हिरवे दिवे तिच्या डोळ्यांपुढे आले. बीमध्ये नवी यादी चालू करताना तिने एखादी जुनी ओळ चुकून गाळली, तर ज्याची ओळ गळेल तो सर्व्हर त्याच क्षणी डिस्कला मुकणार होता.

"सर, वर माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

 राजेंद्र सरांनी खिशातून चष्मा काढला, गुडघे टेकले आणि सर्व्हरच्या मागच्या कार्डावर मोबाइलचा उजेड धरला. "मी नंबर वाचतो. तू लिही."

प्रत्येक कार्डाला जगात एकच असा सोळा अक्षरांचा नंबर असतो. झोनमध्ये तोच लिहावा लागतो, आणि एक अक्षर चुकलं तर स्विच त्या सर्व्हरला ओळखतच नाही. तिने केबल उपसून बी स्विचच्या रिकाम्या भोकात खुपसली; टक् असा बारीक आवाज झाला. मग ती कीबोर्डपाशी आली. सर एकेक अक्षर वाचू लागले. ती ते टाइप करत गेली.

"पुढे?"

"बी. नाही, थांब. आठ."

"बी की आठ, सर?"

"धूळ आहे गं त्याच्यावर!" त्यांनी शर्टाच्या बाहीने कार्ड पुसलं. स्पीकरवरून रितेशचा आवाज येत होता, अश्वजित, अश्वजित, उत्तर दे. पलीकडून कुणी बोलत नव्हतं. "बी. बीच आहे."

"नक्की?"

"नक्की."

तिने बी लिहिला. जुन्या यादीची आधी प्रत काढली, तिच्यात ही एकच ओळ वाढवली, आणि वरपासून खालपर्यंत एकदा वाचली. वाचताना एकेक ओळ संपता संपत नव्हती. पलीकडे दादा जिवंत आहे की नाही ते माहीत नसताना, अलार्मचा झोन जागेवर आहे, पंपांचा झोन जागेवर आहे, असं मनात म्हणत तिला डोळे खाली सरकवावे लागले. मग स्टोरेजच्या यादीत बघितलं, कंट्रोल रूमचा वाटा याच कार्डाच्या नावावर होता. तिने यादी चालू केली.

काही झालं नाही.

पडद्यावरची लाल ओळ लालच राहिली. राजेंद्र सर जमिनीवरच बसून होते. "आठ असेल का गं?" ते पुटपुटले.  प्रियदर्शिनीने सर्व्हरला डिस्क पुन्हा शोधण्याची आज्ञा दिली आणि पडद्याला कपाळ टेकलं.

"आलं!" रितेश स्पीकरवर फुटल्यासारखा ओरडला. "मॅडम, आकडा उडाला! एकशे सात! एकशे सात दाखवतोय!"

"पंप!"

"केला! बंद झाला, पंप बंद झाला! गार पाणी पूर्ण सोडलं!"

त्याच्या पाठोपाठ जे ऐकू आलं ते सर्व्हर रूममधल्या दोघांनीही आधी कधी ऐकलं नव्हतं. शेडच्या छतावरून दाब सोडणारी झडप उघडली होती. रेल्वेचं इंजिन खोलीत शिरावं तसा तो आवाज होता. खिडकीतून प्रियदर्शिनीला शेडच्या वर तपकिरी, जाड धूर वळवळत चढताना दिसला. आता ती धावली. कुणी थांबवलं नाही.

अश्वजित तिला जिन्याच्या पायथ्याशी सापडला. रितेशने आणि फायरच्या दोघांनी त्याला खाली आणलं होतं. डोळे लाल, हाताच्या तळव्यांची सालं निघालेली. चाक खरंच जाम होतं. त्याने ते अंगाचा भार टाकून अर्ध्यापर्यंत फिरवलं होतं. वॉकीटॉकी वरूनच कुठेतरी पडली होती.

"दादा!"

"ठीक हाय गो," तो खोकत म्हणाला. "रडतेस काय? बघ, चालतोय मी."

रिअ‍ॅक्टर फुटला नाही. आकडा एकशे बारापर्यंत चढला, तिथे रेंगाळला, आणि उतरायला लागला. पंप बंद झाला म्हणून की दादाने लाइन अर्धी आवळली होती म्हणून, हे पुढे चौकशीतही कुणाला खात्रीने सांगता आलं नाही.

पण त्या दिवसातली सगळ्यात मोठी भीती अजून यायची होती. महाडच्या दवाखान्यात अश्वजितने चहा मागितला, रेश्मावहिनीची थट्टा केली. नीलाबाई तळ्यावरून तशीच आली होती. पांढऱ्या साडीला वाटेतली धूळ लागलेली. "देखणा दिसतोस मेल्या, हातांना पट्ट्या बांधून," ती म्हणाली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. डॉक्टरांनी मात्र प्रियदर्शिनीला बाहेर बोलावलं. "तपकिरी धूर होता ना? माणूस आधी बरा दिसतो. फुप्फुसात पाणी नंतर भरतं. आज त्याला घरी न्यायचं नाही."

मग ती पलंगाशेजारी बसून त्याचा श्वास बघत राहिली. छाती वर, छाती खाली. बोलता बोलता दादा एका वाक्यात दोनदा थांबला तेव्हा आईच्या लक्षात आलं नाही, तिच्या आलं. दिवेलागणीला त्याचे ओठ निळसर दिसायला लागले. ती ओरडत नर्सकडे गेली. अ‍ॅम्ब्युलन्सने त्याला पनवेलला हलवलं. वाटभर ऑक्सिजनचा मास्क त्याच्या तोंडावर धरून ती मनात हेच म्हणत होती की दोन वाटा होत्या, मी पाहिल्या होत्या, दोनच लिहिलं होतं. मास्कच्या आतून त्याने काहीतरी विचारलं. तिने कान जवळ नेला.

"परत तू केलंस का चालू?"

"आधी मीच बंद केलं होतं, दादा. माझ्याच हाताने."

त्याने डोळे मिटले. त्याला ऐकू गेलं की नाही ते तिला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर तिला पुढे कधीच झाला नाही.

तो वाचला. पनवेलहून घरी आला तेव्हा वहिनीचा हात धरून ओटीची पायरी चढला. दम पुरेना म्हणून त्याला रिअ‍ॅक्टरवरून काढून पोलादपूरच्या गोदामावर बसवलं. तिथल्या घाटातल्या वाऱ्याने बरं वाटतं, असं तो सांगे. चौकशीत प्रियदर्शिनीने केबलींचं सगळं आपणहून सांगितलं. बॅच आम्हाला न कळवता घेतली, हे राजेंद्र सरांनी मांडलं. तापमानाची यंत्रणा सर्व्हरपासून वेगळी करण्यात आली. तिला नोकरीवरून काढलं नाही. नीलाबाईने मात्र तिच्यामागे धोशा लावला, "सोड ती नोकरी. दुसरी कुठंबी मिळंल तुला." 

पावसाळ्याच्या तोंडाशी बी स्विचचं काम निघालं. रिअ‍ॅक्टर रिकामा आहे असं उत्पादन विभागाने पुन्हा मेलवर कळवलं. प्रियदर्शिनीने आधी प्रत्येक सर्व्हरची केबल बोट फिरवत शेवटपर्यंत पाहिली. मग डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि ती शेडमध्ये गेली. कठडा धरून ती जिना चढली. दादाच्या जागी नेमलेली उज्वला नावाची ऑपरेटर वर उभी होती.

"काय बघता मॅडम? रिकामा हाय."

"झाकण उघडून दाखव."

उज्वलाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि बोल्ट सैल केले. प्रियदर्शिनीने वाकून टॉर्च आत मारला. धुतलेलं, कोरडं पोलाद. तरी तिने बाहेरच्या कवचावर पूर्ण पंजा टेकवला आणि तसाच ठेवला. गार होतं. खाली कुणीतरी हातगाडी ढकलत नेली, तिच्या खडखडाटाने ती दचकली, पण हात काढला नाही.

"किती वेळ लागेल तुमच्या कामाला?" उज्वलाने विचारलं.

"माहीत नाही. मी फोन करेपर्यंत यात काही घेऊ नका. कुणीही सांगितलं तरी."

"नाय घेत."

ती जिना उतरली आणि पटांगण ओलांडून सर्व्हर रूमकडे चालू लागली.